एडिसनची वितळतार

विजेच्या दिव्याचा विषय निघाला, की थॉमस अल्वा एडिसन याचे नाव ओठांवर येते. परंतु ज्या एका लहानशा तारेमुळे हा दिवा माणसाच्या घरात निर्धास्तपणे नांदू लागला, त्या तारेची आठवण फारशी कोणी काढीत नाही. ही तार म्हणजे वितळतार. नित्याच्या बोलण्यात तिला फ्यूज म्हणतात. दिव्याने एडिसनला कीर्ती दिली. वितळतारेने त्याच्या दिव्याला लोकांचा विश्वास मिळवून दिला.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. तो सात वर्षांचा असताना त्याचे कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन येथे राहावयास गेले. शाळेत तो फार काळ रमला नाही. त्याची आई पूर्वी शिक्षिका होती. तिने त्याला घरीच शिकविले आणि त्याच्या हाती विज्ञानाची पुस्तके दिली. पुस्तकात वाचलेला प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नसे.

वयाच्या बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यातील एका कोपऱ्यात त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. बाटल्या, नळ्या, रसायने यांनी तो कोपरा भरून गेला. एके दिवशी धावत्या गाडीच्या धक्क्याने फॉस्फरसची कांडी खाली पडली आणि डब्याने पेट घेतला. आग विझविण्यात आली; पण रागावलेल्या गार्डाने पुढच्या स्थानकावर एडिसनला त्याच्या सामानासह खाली उतरविले. आगीचे व त्याचे नाते असे बालपणीच जडले, आणि ते त्याला जन्मभर पुरले.

सन १८६२ मध्ये त्याने माउंट क्लेमन्स स्थानकावर स्टेशनमास्तरच्या लहान मुलाला रुळांवरून ओढून घेऊन मालडब्याखाली सापडण्यापासून वाचविले. कृतज्ञ पित्याने त्याला तारयंत्राचे काम शिकविले. पुढे काही वर्षे एडिसनने गावोगावी तारमास्तराची नोकरी केली. बालपणापासूनच त्याला कमी ऐकू येत असे. परंतु तारयंत्राची कटकट त्याला स्पष्ट उमजे. तारेतून वाहणाऱ्या विजेशी त्याची ओळख झाली ती याच काळात.

सन १८७६ मध्ये त्याने न्यू जर्सी राज्यात मेन्लो पार्क येथे मोठी प्रयोगशाळा उभारली. दुसऱ्याच वर्षी तेथे फोनोग्राफ तयार झाला. त्यानंतर त्याने विजेच्या दिव्याचा प्रश्न हाती घेतला. असे दिवे बनविण्याच्या खटपटीत इतर अनेक शास्त्रज्ञही होते. ऑक्टोबर १८७९ मध्ये एडिसनच्या दिव्यातील कोळशाचा तंतू तेरा-चौदा तास अखंड जळत राहिला. त्या वर्षाच्या अखेरच्या रात्री मेन्लो पार्कचा दिव्यांचा झगमगाट पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली.

दिवा तयार झाला, पण एडिसनचे काम तेथे संपले नाही. दिव्यामागोमाग विजेच्या तारा घराघरांत शिरणार होत्या. भिंतीमागील दोन उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर काय होईल? प्रवाह दिव्यातून जाण्याऐवजी जवळची वाट धरील, एकदम कित्येक पटींनी वाढेल, तारा लाल होतील आणि घर पेटेल. ज्या दिव्याने घर उजळायचे, त्याच्याच तारांनी ते जळाले, तर कोण शहाणा माणूस त्याला दारात उभे करील?

यावर एडिसनने योजलेला उपाय साधा होता. प्रत्येक तार प्रवाहामुळे थोडीफार तापतेच. मग प्रवाहाच्या मार्गात एक तुकडा मुद्दामच नाजूक ठेवला तर? नेहमीचा प्रवाह तो खुशाल वाहून नेईल. पण प्रवाह मर्यादेबाहेर वाढताच सर्वांत आधी तोच वितळेल, मार्ग तुटेल आणि पुढील अनर्थ टळेल. तारयंत्रांना आकाशातील विजेपासून वाचविण्यासाठी बारीक तार वापरण्याची कल्पना युरोपात पूर्वीच निघाली होती. घरगुती दिव्यांसाठी एडिसनने तिला व्यवस्थित रूप दिले व ४ मे १८८० रोजी तिचे एकस्व मिळविले. या तुकड्याभोवती त्याने आवरणही योजले होते. तप्त धातूचे थेंब खालच्या गालिच्यावर किंवा सामानावर पडून नवी आग लागू नये, हा त्याचा हेतू होता.

या योजनेची परीक्षा लवकरच झाली, अशी एक हकीकत सांगतात. मेन्लो पार्कला आलेल्या एका प्रतिस्पर्धी तंत्रज्ञाने अंगरख्याच्या बाह्यांतून जाड तार लपवून आणली होती. तिची टोके दिव्यांच्या दोन्ही तारांना टेकवून सारे दिवे एका क्षणात घालवावे, असा त्याचा बेत होता. त्याने तसे केलेही. परंतु तेथील एक वितळतार तेवढी वितळली, तिच्यावरील मोजके दिवे विझले आणि बाकीचे पूर्ववत तेवत राहिले.

तरीही काम सोपे नव्हते. न्यूयॉर्कमधील व्हँडरबिल्ट या धनाढ्य कुटुंबाच्या वाड्यात एडिसनच्या माणसांनी दिवे बसविले, तेव्हा भिंतीवरील कापडातील धातूचे बारीक धागे तारांच्या संपर्कात आले व भिंत धुमसू लागली. घरच्या बाईंनी वाड्यातील ती सारी यंत्रसामग्री काढून टाकावयास लावली. एडिसन खचला नाही. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील त्याचे वीजघर सुरू झाले आणि सुमारे ४०० दिवे उजळले. २ जानेवारी १८९० रोजी तेच वीजघर आगीत सापडले व केवळ एक जनित्र शाबूत उरले. पण थोड्याच दिवसांत तेथून पुन्हा वीज वाहू लागली.

एडिसनच्या हातून चुकाही झाल्या. तो एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचा पुरस्कर्ता होता. प्रतिस्पर्ध्यांचा उलटसुलट दिशेने वाहणारा प्रवाह अधिक धोक्याचा आहे, असे ठसविण्यासाठी त्याने लोकांच्या मनातील भीतीचा उपयोग केला. पुढे हाच प्रवाह दूर अंतरावर वीज नेण्यास सोयीचा ठरला आणि एडिसनची बाजू हरली.

सन १८९६ मध्ये न्यूयॉर्कजवळील एका संमेलनात त्याची हेन्री फोर्ड या तरुण अभियंत्याशी भेट झाली. फोर्ड तेव्हा डेट्रॉइटच्या एडिसन कंपनीत नोकरीस होता व फावल्या वेळात पेट्रोलची गाडी बनवीत होता. एडिसनने त्याला मनापासून उत्तेजन दिले. स्वतः एडिसनने विजेच्या गाड्यांसाठी निकेल व लोखंड यांची बॅटरी तयार करण्यात अनेक वर्षे घालविली.

९ डिसेंबर १९१४ च्या रात्री वेस्ट ऑरेंज येथील त्याच्या कारखान्याला प्रचंड आग लागली आणि अनेक इमारती भस्मसात झाल्या. त्या वेळी तो ६७ वर्षांचा होता. दुसऱ्याच दिवशी त्याने पुन्हा उभारणीस प्रारंभ केला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या नावावर अमेरिकेतील १,०९३ एकस्वे होती. त्याच्या अंत्यविधीच्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी काही क्षण दिवे मालवून लोकांनी त्याला आदरांजली वाहिली.

वितळतार मात्र पुढे वाढतच गेली. मोटारगाडीत आज दिवे, भोंगा, पंखा अशा निरनिराळ्या कामांसाठी वेगवेगळ्या वितळतारी असतात. त्यांच्या आवरणाच्या रंगावरून त्यांची ताकद ओळखता येते : लाल १० अँपिअरची, निळी १५ची, पिवळी २०ची. रात्री रस्त्यात गाडीचा एखादा दिवा विझला, तर अंधारात इतक्या वितळतारींतून गेलेली शोधणे कठीण जाते. म्हणून काही वितळतारींच्या माथ्यावर एक इवलासा दिवा बसविलेला असतो. तार शाबूत असते तोवर प्रवाह तिच्यातूनच जातो आणि हा दिवा अंधारा राहतो. तार वितळली, की प्रवाहाला दिव्याची आडवाट तेवढी उरते आणि दिवा लागतो. त्या वाटेवर प्रवाहाला अडविणारा रोधक असल्यामुळे अगदी थोडाच प्रवाह पुढे जातो व धोका राहत नाही. मात्र त्या वेळी संबंधित उपकरण चालू असावे लागते. नाहीतर आडवाटही बंदच राहते.

असा दिवा लागला, म्हणजे केवळ नवी वितळतार बसवून भागत नाही. प्रवाह का वाढला, याचा शोध घ्यावा लागतो. ती वारंवार वितळते म्हणून कंटाळून तिच्या जागी जाड तार घालणारा माणूस पहारेकऱ्याला घालवून देऊन दार उघडे टाकतो. नाजूक असणे हाच वितळतारेचा गुण आहे. ती स्वतः नाहीशी होते, म्हणूनच गाडी वाचते, घर वाचते आणि माणसे वाचतात. जगाला प्रकाश देणाऱ्या एडिसनने त्या प्रकाशाला असा पहारेकरीही दिला, हे त्याचे थोर उपकार होत.