राजाच्या नांवाचें घर

पुण्यास बाजीराव रस्त्याच्या नजीक, नातूबागेंत, एक तिमजली इमारत आहे. तिच्यावर ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ अशी पाटी दिसते. बाहेरगांवचा मनुष्य ती वाचून असें समजतो कीं, केळकर नांवाचे कोणी संस्थानिक होऊन गेले असावेत व त्यांच्या खजिन्यांतील चीजवस्तु येथें मांडून ठेवल्या असाव्यात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांचाहि असाच समज आहे. वस्तुतः केळकर हे संस्थानिक नव्हते. त्यांचा धंदा चष्म्यांचा होता. आणि पाटीवरील ‘राजा’ ही पदवी नसून तें एका लहान मुलाचें नांव आहे. हा मुलगा केळकरांचा एकच पुत्र होता, आणि तो वयाच्या सातव्या वर्षीं वारला.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म इ. स. १८९६ सालीं झाला. पुण्यांतील लोक त्यांना आदरानें काकासाहेब म्हणत. त्यांना कवितेची आवड होती व ते स्वतः कविता करीत. त्यासाठीं त्यांनीं ‘अज्ञातवासी’ हें नांव घेतलें होतें. पांडवांचा अज्ञातवास एक वर्षाचा होता; काकासाहेबांना मात्र आपलें कवित्व बऱ्याच अंशीं अज्ञातवासांतच ठेवावें लागलें असें आम्हांस वाटतें, कारण आज त्यांचें नांव घेणाऱ्या शंभर माणसांपैकीं त्यांची एखादी कविता वाचलेला मनुष्य क्वचितच सांपडेल. कवीच्या दृष्टीनें त्यांनीं ज्या वस्तु पाहिल्या त्या वस्तूंनींच त्यांची कीर्ति केली.

इ. स. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला. तो काळच असा होता कीं, जुने वाडे मोडूं लागले होते. वाड्याच्या माळ्यावरची पितळेची समई मोडीच्या भावानें जाई आणि भट्टींत वितळून तिचे तांबे-पेले होत. शिसवी कोरीव खांब सरपण म्हणून विकले जात. घरांत वीज आली म्हणजे लामणदिव्याला कोण विचारतो? जी वस्तु आजोबांच्या हातची म्हणून बापानें जपून ठेविली, ती मुलानें अडगळ म्हणून बाहेर काढावी, असा तो व्यवहार. अशा वेळीं हा चष्मेवाला कवि ही अडगळ पैसे मोजून घरीं आणूं लागला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्याचें नवल वाटलें असेल तर त्यांत कांहींच नवल नाहीं.

पण काय आणलें तें पाहण्याजोगें आहे. तलवारी, ढाली व नाणीं जमविणारे हौशी लोक पूर्वींहि होते. काकासाहेबांची नजर वळली ती घरांतल्या रोजच्या वापराच्या वस्तूंकडे, आणि त्यांतहि विशेषेंकरून बायकांच्या हातांत वावरणाऱ्या वस्तूंकडे. सुपारी कातरण्याचे अडकित्ते त्यांनीं जमविले, आणि त्यांचे आकार तरी किती! कोठें मोर, कोठें घोडा. पाय घांसण्याची वज्री ही न्हाणींतली वस्तु. तिला कलेच्या संग्रहांत जागा मिळेल असें कोणा गृहिणीच्या स्वप्नांतहि आलें नसेल. परंतु जुन्या कारागिरानें तिच्या पाठीवर पक्षी बसविले होते, आणि ते काकासाहेबांच्या नजरेस पडले. कुंकवाचे करंडे, फण्या, पानाचे डबे, दौती, कुलुपें, दिवे, गंजिफा, सोंगट्या, पैठणचीं चित्रकथींचीं चित्रें, गुजराथेंतील कोरीव दारें, नाना प्रांतांचीं वाद्यें, असा हा पसारा वाढत गेला. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेषहि त्यांनीं आणून पुन्हां उभे केले. इ. स. १९६० च्या सुमारास संग्रहांत पंधरा हजारांच्या आसपास वस्तु झाल्या होत्या, आणि आज ती संख्या वीस हजारांवर गेली आहे.

आतां राजाविषयीं. पुत्रशोक ही गोष्ट शब्दांनीं सांगतां येण्यासारखी नाहीं, आणि आम्ही ती सांगण्याच्या भरीस पडणार नाहीं. ज्या घरांत असा प्रसंग घडला आहे त्या घरांतील वडील माणसांना ती ठाऊकच आहे. लोक येतात, सांत्वन करतात, तेराव्या दिवसानंतर आपापल्या कामास लागतात. खरी कठीण वेळ येते ती त्यानंतर. सायंकाळ होते, दिवा लागतो, आणि ज्याला हांक मारावयाची तो नसतो. हे दोन-तीन तास कसे काढावेत हा प्रश्न मनुष्यापुढें उभा राहतो, आणि पुष्कळ लोक त्याचें उत्तर दारूच्या दुकानांत शोधूं जातात. दुःखांतून व्यसनाकडे जाणारी वाट फार उताराची आहे. आमच्या पनवेल तालुक्यांतील कोणत्याहि गांवच्या पालकास हें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

काकासाहेबांनीं आपल्या सायंकाळा दुसऱ्या रीतीनें भरल्या. मुलाचें नांव त्यांनीं संग्रहाला दिलें, आणि त्या दिवसापासून प्रत्येक नवी वस्तु जणूं राजाच्या घरीं येऊं लागली. हें केवळ स्मारक नव्हतें. वस्तु जमविणाऱ्या मनुष्याला घरांत कुढत बसून चालत नाहीं. त्याला उठून परगांवीं जावें लागतें, अनोळखी दारांत उभें राहून बोलावें लागतें, म्हातारीची कहाणी ऐकून घ्यावी लागते. ती आज देत नसेल तर पुढच्या वर्षीं पुन्हां जावें लागतें. घरीं आणलेली वस्तु चिंचेनें घांसावी, मोडलेला भाग जुळवावा, ती कोठली, कोणत्या काळची, कशाला वापरीत, हें टिपून ठेवावें. या प्रत्येक कामांत हात गुंततात व नजर बाहेरच्या जगाकडे वळते. मुख्य म्हणजे, उद्यां सकाळीं उठण्यास कांहीं तरी कारण असतें. दुःख जात नाहीं. परंतु तें मनुष्याच्या छातीवर बसण्याऐवजीं त्याच्या बरोबरीनें चालूं लागतें.

या कामीं त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचा वाटा मोठा होता, आणि लिहिणारे लोक तो एका वाक्यांत उरकतात याचें आम्हांस वाईट वाटतें. राजा त्यांचाहि होता. पतीला असा खर्चाचा नाद लागला म्हणजे संसाराची ओढाताण बाईनेंच सोसावयाची असते. तो नाद त्यांनीं आपलाहि केला. वज्री व करंडे यांच्या संग्रहांत जो जिव्हाळा दिसतो, तो एकट्या पुरुषाच्या नजरेचा नसावा असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

मन सांवरण्याची ही रीत कांहीं काकासाहेबांनींच शोधून काढलेली नव्हे. इंग्लंडांत यॉर्क शहरीं क्वेकर पंथाच्या विल्यम ट्यूक या गृहस्थांनीं इ. स. १७९६ सालीं मनोरुग्णांसाठीं एक घर उघडलें. त्या काळीं वेड्यांना सांखळदंडांनीं जखडून ठेवण्याची चाल होती. ट्यूक यांनीं ती टाकून रोग्यांना बागकाम व शिवणकाम यांत गुंतविलें आणि सर्वांशीं माणुसकीनें वागण्याचा पायंडा पाडला. पुण्यासच येरवड्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट या दांपत्यानें इ. स. १९८६ सालीं मुक्तांगण हें व्यसनमुक्तीचें केंद्र सुरू केलें. स्वतः अनिल अवचटांना बांसरी, लांकूड कोरणें, कागदाच्या घड्यांपासून पशुपक्षी करणें असे अनेक छंद होते, आणि छंदांवर त्यांनीं एक पुस्तकहि लिहिलें. दारू किंवा गर्द सोडल्यावर शरीराचा तडफडाट औषधोपचारानें कांहीं दिवसांत शमतो. परंतु जो वेळ पूर्वीं नशेंत जाई तो रिकामाच राहतो, आणि जुने सोबती त्या रिकाम्या वेळाचीच वाट पाहत असतात. तेथें छंद उपयोगी पडतो. मात्र छंद म्हणजे वैद्य नव्हे. ज्याचें मन खरोखर आजारी आहे, किंवा ज्याला व्यसनानें ग्रासलें आहे, त्याला प्रथम डॉक्टरांकडेच नेलें पाहिजे. बांसरी हातांत देऊन घरींच बसविणें हा त्याचा घात होय. आमच्या नेरें गांवच्या शांतिवनाकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. कुष्ठरोग औषधानें पुरता बरा होतो. परंतु समाजानें दूर लोटलेल्या मनुष्याला पुन्हां माणसांत आणावयाचें तर औषधाच्या जोडीला हाताला काम लागतें.

मराठींत ‘नाद’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. भजनाचाहि नाद असतो आणि बाटलीचाहि नाद असतो, शब्द एकच. म्हणून मुलानें काड्यापेटीचे छाप किंवा टपालाचीं तिकिटें जमविलीं कीं पालकांच्या पोटांत गोळा उठतो, आणि तें कांहीं अगदींच निराधार नाहीं. वस्तु जमविण्याचा नाद तर विशेष धोक्याचा. तो मनुष्याला कृपण करतो, मत्सरी करतो, कपाटाला कुलूप घालून त्याच्यापुढें पहारा करावयास लावतो. तर मग छंद कोठें संपतो व व्यसन कोठें सुरू होतें? काकासाहेबांच्या चरित्रांत याचें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें. इ. स. १९६२ सालीं त्यांनीं आपला संग्रह रीतसर संग्रहालयाच्या स्वरूपांत लोकांपुढें मांडला, आणि इ. स. १९७५ सालीं तो सगळाच्या सगळा महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या हवालीं केला. अर्धशतकाहून अधिक काळ एकेक करून मिळविलेल्या त्या वस्तु होत्या. आपल्या मुलाच्या नांवाच्या वस्तु होत्या. दारुड्याच्या हातांतून पेला सुटत नाहीं. त्याला तो हिसकावून घ्यावा लागतो. या गृहस्थानें आपण होऊन मूठ उघडली. पुत्राच्या मरणानें रिकामें झालेलें घर त्यांनीं भरलें, आणि भरल्यावर तें घर परक्यांच्या मुलांसाठीं खुलें करून दिलें. शाळांचीं मुलें तेथें रांगेनें येऊं लागलीं. आपल्या राजाच्या वयाचीं मुलें दिव्यांपुढें तोंड उघडें टाकून उभीं राहिलेलीं त्यांनीं किती वर्षें पाहिलीं असतील!

इ. स. १९९० सालीं, नव्वदी ओलांडल्यावर, काकासाहेबांचें निधन झालें. संग्रहांतील सुमारें अडीच हजार वस्तु एका वेळीं मांडलेल्या असतात; बाकीच्या जागेअभावीं आंत ठेवलेल्या आहेत.

सुटींत पुण्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं तेथें अवश्य जावें, व दोन तासांची सवड काढून जावें. मस्तानीचा महाल सर्वच पाहतात. तो पाहून झाल्यावर वज्रींच्या कपाटापाशीं जरा थांबावें, आणि घरीं परतल्यावर आजीला विचारावें, तिच्या सासूची वज्री कोठें गेली तें.