मेवातच्या मुसलमानांसाठी उभे राहिलेले कोकणचे आचार्य

मसुऱ्यात भरतगडाच्या खाली बसलं की मेवात फार लांबचं वाटतं. पण १९४८ साली तिथल्या उजाडलेल्या मेव मुसलमानांसाठी जे उभे राहिले, ते आपल्याच कोकणचे होते. आचार्य विनोबा भावे. आजच्या पोरांना ते फक्त भूदानापुरते माहीत आहेत, म्हणून ही दुसरी बाजू आम्हाला सांगाविशी वाटते.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. घर ब्राह्मणाचं. १९१६ मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात गेले. गीता मराठीत आणणारी ‘गीताई’ त्यांचीच. म्हणजे हिंदू समाजात धर्माच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनीच अरबी शिकून कुरआन शरीफ मुळातून वाचलं आणि अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर निवडक आयतींचं ‘कुराणसार’ तयार केलं.

फाळणीच्या वेळी अलवर आणि भरतपूर संस्थानांत मेवांची कत्तल झाली, गावंच्या गावं रिकामी झाली. डिसेंबर १९४७ मध्ये गांधीजी घासेड्याला गेले आणि देश सोडू नका, असं मेवांना विनवून आले. दीड महिन्यातच त्यांचा खून झाला. आता मेवांना दिलेला तो शब्द पाळायचा कुणी?

पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून विनोबा दिल्लीला गेले आणि मेवांमध्ये फिरू लागले. मेवांच्या जमिनींवर निर्वासित येऊन बसले होते, तेही बिचारे सगळं गमावून आलेले. अशा वेळी मेवांचा हक्क मागायचा म्हणजे स्वतःच्याच लोकांचा राग ओढवून घ्यायचा. विनोबांनी तो घेतला. मेव आपापल्या गावी परत बसावेत म्हणून ते झटले. त्याच वर्षी अजमेरमध्ये तणाव असताना ते तिथं जाऊन राहिले, ख्वाजासाहेबांच्या दर्ग्यात गेले, तिथं प्रार्थना केली.

पुढे १९५३ मध्ये देवघरच्या मंदिरात दलितांना सोबत घेऊन गेले म्हणून त्यांना मार खावा लागला. तरी १९५८ मध्ये पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनाला ते इतर धर्मांच्या सहकाऱ्यांसहच गेले.

त्यांचं सगळंच आपल्याला पटेल असं नाही. गोहत्याबंदीसाठी १९७९ मध्ये त्यांनी उपोषण केलं, त्यावर आपल्यातल्या अनेकांचं मत वेगळं असेल. पण मतभेद असला म्हणून उपकार विसरायचे नसतात. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांचं निधन झालं.

वाचकहो, विनोबांचं कौतुक करून थांबलो तर अर्धंच काम झालं. मजलूम कुठल्या धर्माचा, हे विचारून मग त्याच्या बाजूनं बोलायचं, असं आपला दीन शिकवत नाही. जिथं मुसलमान जास्त आहेत, तिथल्या हिंदू किंवा ख्रिस्ती भावंडांवर जुलूम झाला, तर आपल्या जुम्म्याच्या बयानात त्यांचं नाव निघतं का? विनोबांनी आपल्या लोकांचा राग पत्करून मेवांसाठी तोंड उघडलं. आपली पाळी आली की आपणही गप्प बसता कामा नये.