वेदनेला निजविणारा शल्यवैद्य : जेम्स एस्डेल

संमोहन हा शब्द ऐकला की आपल्यापुढे उभा राहतो तो जत्रेतील जादूगार. मला मात्र आमच्या गावचा भगत आठवतो. आईला एकदा विंचू चावला, तेव्हा तिला त्याच्याकडे नेले होते. त्याने लिंबाचा पाला अंगावरून उतरविताच तिचे कण्हणे थांबले. घटकाभराने ते पुन्हा सुरू झाले. कॉलेजात आल्यावर या गोष्टीला मी हसू लागलो. पण ते कण्हणे घटकाभर का होईना थांबले होते, हे काही केल्या विसरता येईना. जेम्स एस्डेल यांचे चरित्र मी वाचले ते याच कुतूहलाने.

एस्डेल यांचा जन्म १८०८ साली स्कॉटलंडमध्ये एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरले आणि बंगालमध्ये आले. पुढे हुगळी येथे इस्पितळ व तुरुंग यांचे काम त्यांच्याकडे आले. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी भूल नव्हती. रोग्याला चार माणसांनी दाबून धरायचे आणि शल्यवैद्याने होईल तितक्या लवकर सुरी चालवायची, हीच रीत होती.

४ एप्रिल १८४५ रोजी माधव कौरा नावाच्या एका कैद्यावर ते अंडवृद्धीचा उपचार करीत होते. पाणी काढून आत औषध सोडताच तो वेदनेने तळमळू लागला. एस्डेल यांनी मेस्मेरिझमविषयी फक्त वाचले होते. प्रयोग कधी पाहिलाही नव्हता. तरी त्यांनी कैद्याचे डोळे मिटविले आणि आपले हात सावकाश त्याच्या अंगावरून फिरवीत राहिले. पुष्कळ वेळाने तो माणूस शांत झाला. टोचले तरी त्याला जाणीव होईना. एस्डेल यांनी न्यायाधीश व कलेक्टर यांना बोलावून ही अवस्था दाखविली.

त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांत त्यांनी याच रीतीने सत्तरहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. हत्तीरोगाने वाढलेल्या प्रचंड गाठीही त्यांनी काढल्या. रोग्याला अंधाऱ्या खोलीत निजवून एतद्देशीय मदतनीस तासन्‌तास हात फिरवीत बसत. या कीर्तीमागे त्यांचे श्रम होते, परंतु त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. रोगी बहुधा कैदी व गोरगरीब होते आणि आपल्यावर काय प्रयोग चालला आहे, हे पुष्कळांना सांगितलेही जात नसे. चरित्रनायकाच्या मोठेपणामुळे ही गोष्ट झाकू नये, असे मला वाटते.

१८४६ साली सरकारने चौकशी समिती नेमली. तिच्यासमोर काही रोग्यांना ही निद्रा लागलीच नाही. काही जण शस्त्रक्रियेत हलले, कण्हले. पण जागे झाल्यावर दुखले नाही म्हणाले. तरीही कलकत्त्यास एक वर्षासाठी मेस्मेरिक इस्पितळ मिळाले आणि पुढे लोकांनी वर्गणी काढून ते काम चालू ठेवले. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोस्टन येथे ईथर आणि १८४७ साली एडिंबरो येथे क्लोरोफॉर्म आले. जेथे तास किंवा दिवस लागत, तेथे आता मिनिटे पुरू लागली. १८५१ साली एस्डेल मायदेशी परतले आणि १८५९ साली निवर्तले.

त्यांची एक चूक मोठी होती. आपल्या शरीरातून एक अदृश्य प्रवाह रोग्याच्या शरीरात जातो, असे ते मानीत. मेस्मरची ही कल्पना पॅरिसच्या राजनियुक्त समितीने १७८४ सालीच तपासून फेटाळली होती. घडते ते कल्पनाशक्तीमुळे, असा तिचा निर्णय होता. मँचेस्टरचे जेम्स ब्रेड यांनीही एकाग्रतेतच याचे मूळ शोधले आणि १८४३ साली आपल्या ग्रंथात त्याला निद्रादर्शक ग्रीक शब्दावरून नाव दिले. म्हणजे एस्डेल यांनी पाहिले ते खरे, पण त्याचे कारण त्यांनी चुकीचे दिले.

मग संमोहनाचा उपयोग होतो काय? होतो, परंतु मर्यादित. १९५५ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्याला उपचारात स्थान असल्याचे मान्य केले. वेदना, शस्त्रक्रियेपूर्वीची भीती, आतड्यांचे काही जुनाट विकार यांत आज तज्ज्ञ त्याची मदत घेतात. सर्वांवर त्याचा सारखा परिणाम होत नाही. संमोहित मनुष्य दुसऱ्याच्या हातातील बाहुले बनत नाही. विसरलेल्या आठवणी काढण्यासाठी तर ते धोक्याचे आहे. कारण न घडलेल्या गोष्टीही खऱ्या वाटू लागतात.

मुख्य म्हणजे, वेदना शमणे वेगळे आणि रोग बरा होणे वेगळे. एस्डेल यांचा रोगी निद्रेत असला तरी गाठ सुरीनेच काढावी लागे. आईच्या अंगातील विष पाल्याने उतरले नव्हते. धीर मिळाल्यामुळे तिचे मन घटकाभर वेदनेवरून दूर गेले असावे. यापुढे घरात कोणाला विंचू चावला तर मी आधी दवाखान्यातच नेणार, आणि वाटेत त्याचा हात धरून धीराचे चार शब्दही बोलणार. आईला मात्र आता मी हसत नाही. मित्रहो, शिकलेल्या माणसाने हसण्याआधी तपासावे आणि मानण्याआधीही तपासावे, एवढेच मी या चरित्रातून शिकलो.