बोरघाटाची ठेकेदारीण : ॲलिस ट्रेडवेल

कोयना एक्स्प्रेसने मुंबईला जाताना लोणावळा मागं पडलं की डब्यातली निम्मी पोरं खिडक्यांना चिकटतात. मोबाईल निघतात, दरीचे आणि पुलांचे फोटो सुरू! रूमवर येऊन बघावं तर काय? आभाळ पांढरंफटक, डोंगर काळाठिक्कर, आणि मधे कुठंतरी पुलाचा एक तुकडा. याच घाटातल्या पुलांचे फोटो १६० वर्षांपूर्वी एका बाईनं काढले. विशेष म्हणजे पुलांच्या कामाचा ठेकाही तिच्याच नावावर होता. सिव्हिलच्या पोरांना तरी ॲलिस ट्रेडवेल हे नाव माहीत असायला हवं.

बोरघाटाचं काम म्हणजे काय होतं ते आधी आकड्यांत बघू. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला कोकणातून देशावर यायचं होतं. सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात १८३१ फूट चढायचं, काही ठिकाणी चढ ३७ ला १. त्यासाठी २५ बोगदे आणि ८ दरीपूल, म्हणजे व्हायाडक्ट. एका ठिकाणी तर वळायलाच जागा नव्हती. तिथं गाडी थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेनं पुढचा चढ चढायचा. हे ते प्रसिद्ध रिव्हर्सिंग स्टेशन. चीफ इंजिनिअर होते जेम्स बर्कली.

१८५६ मध्ये काम सुरू झालं. पहिला ठेकेदार फॅव्हिएल. मुंबई-ठाणे लाईनवर काम केलेला माणूस, पण घाटानं त्याला घाम फोडला. मजुरांची मजुरी थकली, आणि जानेवारी १८५९ मध्ये उपाशी माणसांचा संताप होऊन दंगल झाली. फॅव्हिएलनं ठेका सोडला. तो पुढे मिळाला सॉलोमन ट्रेडवेल यांना. ट्रेडवेल हे इंग्लंडमधलं रेल्वे ठेकेदारांचं घराणं. नवराबायको १८५९ मध्ये इकडं आले आणि काही आठवड्यांतच सॉलोमन वारले.

आता विचार करा. परका मुलुख, नवरा गेलेला, अर्धवट घाट, आणि करारावर सही झालेली. ॲलिसबाई पुढच्या बोटीनं परत गेल्या असत्या तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी ठेका स्वतःच्या नावावर चालू ठेवला. ॲडमसन आणि क्लाउसर हे दोन अनुभवी इंजिनिअर कामाच्या देखरेखीला नेमले आणि काम पुढे रेटलं. १८६१ मध्ये घाटात एका वेळी ४२ हजार माणसं कामावर होती. कड्यावरून दोरानं खाली सोडलेली माणसं पहारीनं भोकं पाडत, त्यात दारू ठासून कातळ उडवायचा. त्यात पटकीची साथ. हजारो मजूर या घाटात मेले. त्यांची नावं कुठल्याच दगडावर कोरलेली नाहीत, हेही इथं लिहायला हवं.

या सगळ्या धबडग्यात बाई कॅमेरा लावून उभ्या राहत. मुंबईत तेव्हा फोटोग्राफीचं वारं होतंच. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला होता. पण स्टुडिओत खुर्चीवर शेटजी बसवून फोटो काढणं वेगळं आणि दरीत पूल टिपणं वेगळं.

काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. पंधरा मिनिटांचा खेळ. म्हणजे काळोखा तंबू, बाटल्या, पाणी, काचा, सगळा संसार दरीच्या काठावर. त्यात ही काच फक्त निळा प्रकाश ओळखते. आभाळ पांढरं होऊन बसतं आणि झाडी काळी. आपल्या मोबाईलचं दुखणं वेगळ्या कारणानं का होईना, तेच! पावसाळ्यात घाटात धुकं, एप्रिलमध्ये धुरकट हवा. उरले हिवाळ्यातले महिने. त्यातही सकाळचं तिरपं ऊन हवं. डोक्यावरच्या उन्हात खांब सपाट पत्र्यासारखे दिसतात, तिरप्या उन्हात त्यांची एक बाजू सावलीत जाते आणि जाडी कळते. आभाळ कमी घ्यायचं, पलीकडचा डोंगर पुलामागं धरायचा. पुलावर एखादा माणूस उभा करायचा, हलू द्यायचा नाही. त्याच्यामुळेच उंचीचा अंदाज येतो.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे उभं कुठं राहायचं. पुलावर उभं राहून पूल दिसत नाही (गाडीतल्या फोटोंचं मुख्य दुखणं हेच). शेजारच्या सोंडेवर जावं लागतं, जिथून खांबाचा पाया कातळात कसा बसलाय ते दिसेल. ॲलिसबाईंच्या फोटोंत पूल, बोगदे, रिव्हर्सिंग स्टेशन हे सगळं डोंगरासकट येतं. आमच्या मते याचं कारण सरळ आहे. तो डोंगर त्यांच्या रोजच्या हिशोबात होता. कुठला खांब किती वर आला, कुठं मजूर कमी पडले, हे ज्याला ठाऊक त्यालाच कळतं की कॅमेऱ्याची तिपाई कुठं रोवायची.

२१ एप्रिल १८६३ ला घाट सुरू झाला, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते. बर्कली तो दिवस बघायला नव्हते, ते १८६२ मध्येच वारले होते. त्याआधी खोपोली ते खंडाळा हा टप्पा लोक पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीतून पार करत.

गोष्ट इथंच संपली असती तर छान झालं असतं. पण १८६७ मध्ये घाटातला एक मोठा पूल, इंग्रजी कागदांत ज्याला म्हौ की मल्ली म्हणत, तो कोसळला. त्यानंतर कंपनीच्या इतरही बऱ्याच पुलांचं दगडकाम कच्चं निघालं. फोटोत घडीव दगडाची दर्शनी बाजू दिसते, पोटातला चुना दिसत नाही. पूल नव्यानं बांधावा लागला. १९२९ मध्ये विजेची गाडी आली, नवा मार्ग काढला आणि रिव्हर्सिंग स्टेशनही बंद पडलं. ठेकेदारीणबाईंच्या हाताखाली घाट कसा उभा राहिला, हे बघायचं तर आता त्यांच्याच फोटोंत.