कार्डिगन : स्वेटराला नाव देणारा उमराव

हिवाळा सुरू झाला की अमरावती आणि अकोल्याच्या बाजारांत लोकरी कपड्यांची दुकाने थाटली जातात. उन्हाळ्यासाठीच ख्यात असलेल्या वऱ्हाडात थंडीचा मुक्काम तसा थोडाच. तरीही समोरून बटणे लावायचा विणीचा स्वेटर, म्हणजेच कार्डिगन, इथल्या अनेक घरांत सापडतो. हे नाव एका इंग्रज सेनाधिकाऱ्याचे आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

जेम्स ब्रुडनेल ऊर्फ कार्डिगनचा सातवा अर्ल याचा जन्म १६ ऑक्टोबर १७९७ चा. बहिणींमध्ये एकुलता एक मुलगा, अफाट इस्टेटीचा वारस. हिवाळ्यात घोड्यावरून कोल्ह्यांची शिकार करणे हा त्या काळच्या घोडदळातील अधिकाऱ्यांचा आवडता खेळ होता आणि ब्रुडनेल त्यात तरबेज होता. ब्रिटिश लष्करात तेव्हा हुद्दे विकत मिळत. १८२४ मध्ये सैन्यात आलेला हा उमराव पैशाच्या बळावर १८३० पर्यंत लेफ्टनंट कर्नल झाला. हाताखालच्या अधिकाऱ्याला अन्यायाने वागवल्याबद्दल १८३४ मध्ये त्याच्याकडून पलटणीची सूत्रे काढून घेण्यात आली. पण दरबारी वजन कामी आले आणि दोनच वर्षांत अकराव्या घोडदळ पलटणीचे नेतृत्व त्याच्याकडे आले.

ही पलटण त्या वेळी भारतात होती. १८३७ मध्ये तो येथे आला. मात्र पलटणीसोबत तो राहिला काही आठवडेच. भारतात वर्षानुवर्षे सेवा केलेले अधिकारी त्याला कमी प्रतीचे वाटत. मायदेशी परतल्यावर मेजवानीच्या टेबलावरील एका काळ्या बाटलीवरून त्याने अशाच एका कॅप्टनला अटकेत टाकले. ते वर्ष १८४०. त्याच वर्षी द्वंद्वयुद्धात त्याने एका माजी अधिकाऱ्याला जखमी केले. खटला उमरावांच्या सभागृहापुढे चालला आणि तांत्रिक मुद्द्यावर तो सुटला. शिपायांच्या झगमगीत गणवेशावर मात्र तो स्वतःच्या खिशातून सढळ हाताने खर्च करी.

वऱ्हाडच्या इतिहासाला १८५३ साली कलाटणी मिळाली. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाने २१ मे रोजी झालेल्या तहाने हा प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला. एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूर येथे या फौजेची छावणी होती. त्याच वर्षी दूर काळ्या समुद्राकाठी रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात युद्धाला तोंड फुटले. पुढच्या वर्षी ब्रिटन त्यात उतरले आणि लाइट ब्रिगेड या घोडदळाचा प्रमुख म्हणून कार्डिगन क्रिमियात दाखल झाला.

२५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे सरसेनापती लॉर्ड रॅग्लन याचा संदिग्ध आदेश कार्डिगनचा मेहुणा आणि वरिष्ठ लॉर्ड लुकन याच्यामार्फत त्याच्यापर्यंत आला. या मेहुण्यांमध्ये उभे वैर होते. सुमारे ६७० स्वार तीन बाजूंनी तोफा रोखलेल्या खोऱ्यात शिरले. शंभराहून अधिक ठार झाले, दीडशेच्या आसपास जखमी झाले. कार्डिगन सर्वांच्या पुढे होता. तो तोफांपर्यंत पोहोचला आणि सुखरूप परतलाही. त्याच्या धैर्याबद्दल दुमत नाही. परंतु मागे राहिलेल्या स्वारांची जुळवाजुळव न करता तो माघारी वळला, हा आरोप त्याला अखेरपर्यंत चिकटला.

खरी परीक्षा त्यानंतरच्या हिवाळ्याने घेतली. चिखल आणि बर्फात, अपुऱ्या कपड्यांत शिपाई कुडकुडत होते. घोडे उपासमारीने मरत होते. रोगराईने घेतलेले बळी रणांगणावरील बळींहून अधिक होते. कार्डिगनचा मुक्काम मात्र बंदरातील स्वतःच्या आलिशान नौकेवर होता. कडाका वाढताच, डिसेंबरमध्ये, प्रकृतीच्या कारणास्तव तो मायदेशी निघाला. तेथे वीर म्हणून त्याचे स्वागत झाले. त्याच्या लौकिकावर स्वार होऊन लोकरीचा विणलेला एक अंगरखा त्याच्या नावाने बाजारात आला. रॅग्लन बाही आणि माकडटोपीचे बालाक्लावा हे इंग्रजी नाव, ही त्याच युद्धाची आणखी दोन स्मृतिचिन्हे.

घोड्यावरून पडल्यानंतर २८ मार्च १८६८ रोजी कार्डिगनचा मृत्यू झाला. लष्करी हुद्द्यांची विक्री १८७१ मध्ये बंद झाली. ज्याने आपल्या शिपायांसोबत तो हिवाळा काढलाच नाही, त्याचे नाव उबदार कपड्याला कायमचे चिकटले; थंडीने गारठून मेलेले शिपाई मात्र विस्मृतीत गेले.