राजगृह : बाबासाहेबांचे घर

दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या वस्तीतली मंडळी मुंबईला जातात, चैत्यभूमीची रांग धरतात आणि वेळ उरला तरच हिंदू कॉलनीत राजगृहाकडे वळतात. आमचे म्हणणे असे की, वेळ काढूनच जावे. ते घर पाहिल्याशिवाय बाबासाहेबांचा संसार कळत नाही.

नोव्हेंबर १९२७ मध्ये परमपूज्य बाबासाहेब आपल्या अमरावतीला आले होते. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी भरलेल्या परिषदेचे ते अध्यक्ष. परिषद चालू असतानाच मुंबईहून थोरले बंधू बाळाराम गेल्याची तार आली. त्या काळी कुटुंब परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचे. चार लेकरे गेली, एकटा यशवंत तेवढा वाचला. रमाईंनी हे सगळे सोसले. त्यात पुस्तके वाढतच होती, ती ठेवायची कुठं?

म्हणून दादरला घर बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. नाव दिले राजगृह. मगधाची ती जुनी राजधानी, जिथे तथागतांचे वास्तव्य होते. धम्मदीक्षा तर पुढे १९५६ साली झाली. पण घराचे नाव वीसेक वर्षे आधीच ठरले होते, हे ध्यानात घ्यावे. कर्जापायी आणि ग्रंथांपायी त्यांनी चारमिनार नावाची दुसरी इमारत १९४१ साली विकून टाकली. राजगृह मात्र राखले.

रमाईंना या घराचे सुख फार लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी याच घरात त्यांचे निधन झाले. दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे पार्थिवही इथेच आणले आणि इथूनच अंत्ययात्रा समुद्राकडे निघाली.

आता तळमजल्यावर स्मारक-संग्रहालय आहे. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आणि जुने फोटो तिथे जपले आहेत. ७ जुलै २०२० रोजी कुणी अंगणात शिरून कुंड्या फोडल्या, तेव्हा आपल्याकडेही पोरं चवताळली होती. कुटुंबीयांनी शांत राहा म्हटले आणि लोक शांत राहिले.

आमच्यासोबतच्या एका आजीबाई तिथे वस्तूंकडे फारशा पाहीनात. रमाई कुठं बसत होत्या, एवढंच त्या विचारत राहिल्या.