थोर शास्त्रज्ञ थिओडोर श्वान

बालमित्रांनो, नाव वाचून हसू नका बरं! आपल्याकडे श्वान म्हणजे कुत्रा. पण जर्मन भाषेत याच्याच जवळपासचा उच्चार असलेला एक शब्द आहे, त्याचा अर्थ हंस. कांदा, बेडूक आणि माणूस हे आतून एकाच पद्धतीने बांधलेले आहेत, हे या श्वानने जगाला दाखवून दिले.

थिओडोरचा जन्म ७ डिसेंबर १८१० रोजी जर्मनीतील नॉइस या गावी झाला. वडील सोनारकाम करत. पुढे त्यांनी छापखाना काढला. मुलगा लाजाळू, देवभक्त आणि अभ्यासू होता. तो वैद्यकी शिकला आणि १८३४ साली बर्लिन येथे डॉक्टर झाला. पण दवाखाना न काढता तो योहानेस म्युलर या गुरुजींच्या हाताखाली संशोधन करू लागला. अन्न पचवणारा पेप्सिन हा जठरातला पदार्थ त्यानेच १८३६ साली शोधला.

त्या काळी वनस्पतींच्या पेशी लोकांना माहीत होत्या, कारण त्या बघायला सोप्या. कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी ओळीने दिसतात. प्रत्येक पेशीभोवती टणक पेशीभित्तिका असते. आत पाणीदार रसाने भरलेली मोठी रिक्तिका असते. तिने कडेला ढकललेला गोल ठिपका म्हणजे पेशीचे केंद्रक.

प्राण्यांचं तसं नाही. आपल्या गालाच्या आतल्या पेशीला भित्तिका नसते, फक्त नाजूक पटल असतं. म्हणून तिचा आकार वेडावाकडा. शिवाय स्नायू दोऱ्यासारखा, हाड दगडासारखं, रक्त पातळ! या सगळ्यांची घडण कांद्यासारखीच आहे, हे कुणाला सहजासहजी कसं पटावं?

एके दिवशी श्वान आपला मित्र श्लायडेन याच्याबरोबर जेवत होता. श्लायडेन वनस्पतींचा अभ्यासक. वनस्पतीच्या पेशीत केंद्रकाला किती महत्त्व आहे, ते तो सांगत होता. ऐकता ऐकता श्वानला एकदम आठवलं. बेडकाच्या शेपटीवाल्या पिलाच्या पाठीत एक मऊ दांडा असतो. त्यात त्याने अगदी तसेच ठिपके पाहिले होते! दोघे लगेच प्रयोगशाळेत गेले. श्लायडेनने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि त्यालाही साम्य पटलं.

पण एका दांड्यावरून सगळे प्राणी कसे ठरणार? म्हणून श्वानने कूर्चा, नखे, पिसे, स्नायू, अंडी असं एकेक तपासलं. जिथे पेशी सरळ दिसेना, तिथे तो भाग पिलात कसा वाढत जातो ते पाहिलं. सुरुवात पेशीपासूनच! १८३९ साली त्याने हे सारे पुस्तकात मांडले. तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. नवी पेशी कशी जन्मते, याबद्दलचा त्याचा तर्क मात्र चुकला. पेशीपासूनच पेशी होते, हे पुढे रेमाक आणि विर्चो यांनी दाखवले.

त्याच वर्षी त्याची मोठी थट्टा झाली. साखरेचे मद्य करणारे यीस्ट हे सजीव आहे, असे त्याने १८३७ साली सांगितले होते. व्होलर आणि लीबिग या नामवंत रसायनशास्त्रज्ञांना ते मान्य नव्हते. त्यांनी नाव न घालता एक टिंगलीचा लेख छापला. त्यात साखर खाणारे चिमुकले प्राणी रंगवले होते. सगळीकडे हशा पिकला. लाजाळू श्वानच्या मनाला ते फार लागलं. त्याच वर्षी तो जर्मनी सोडून बेल्जियममध्ये लुवेन येथे शिकवायला गेला. १८४८ साली तो लीज येथे गेला. तिथेही तो शिकवत राहिला, पण वादात तो पुन्हा फारसा पडला नाही.

सत्य मात्र लपत नाही. १८५७ नंतर लुई पाश्चरच्या प्रयोगांनी श्वानचे म्हणणे खरे ठरवले. ११ जानेवारी १८८२ रोजी कोलोन येथे श्वानचे निधन झाले. आपल्या मज्जातंतूंभोवती असणाऱ्या पेशींना आजही श्वान पेशी म्हणतात.

मित्रांनो, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकून बघा. मग गालाची पेशी बघा. दोघींत काय सारखं आणि काय वेगळं, ते वहीत काढा. आणि वर्गात कुणी वेगळं उत्तर दिलं तर लगेच हसू नका. आधी तपासून बघा. कोण जाणे, त्याचंच खरं असेल!